जे अंगाला मानवत नाही

‘मानवणे’ या क्रियापदावर माझा फार दिवसांपासून लोभ आहे. एखाद्याला वांगे मानवत नाही, एखाद्याला परगावचे पाणी मानवत नाही, एखाद्या मुलीला सासर मानवत नाही. अन्न, हवा आणि माणसे या तिहींना आपण एकच शब्द लावतो आणि तो लावताना कोणाच्याच पदरी दोष घालीत नाही. वांगे वाईट नसते, खाणाराही वाईट नसतो. दोघांचे जमत नाही इतकेच. कोकणीतला ‘बादता’ हा शब्द त्या मानाने थोडा करडा. आणि बिब्ब्यासाठी तर मराठीने वेगळीच योजना करून ठेवली आहे. बिब्बा अंगावर ‘उततो’. एकाने तो हाताळला तरी काही होत नाही आणि दुसऱ्याच्या अंगाला त्याचा नुसता रस लागला की कातडी फोडांनी भरून येते. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातील भावंडे. मानकुराद उतरवताना हातावर उडालेला चीक किंवा काजूच्या टरफलातील तेल ज्यांना सोसत नाही, त्यांना हे कूळ ठाऊक असते. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा घालीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नि कमरेवर पुरळ उठू लागला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना तो उपद्रव शेवटी या धोब्याच्या खुणेपाशी आणून पोचवावा लागला.

आयुर्वेदाने याच गोष्टीला सात्म्य आणि असात्म्य अशी नावे दिली. युरोपात तिला नाव मिळायला १९०६ साल उजाडावे लागले. व्हिएन्नातील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने दोन ग्रीक शब्द जोडून ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. त्याचा धात्वर्थ ‘निराळे कार्य’ असा काहीसा आहे. शरीर एखाद्या पदार्थाला एकदा भेटले की दुसऱ्या भेटीत ते निराळे वागते, हे त्याला सांगायचे होते.

आमच्या घरात शास्त्र कोणालाच येत नव्हते, पण रीत होती. पाहुण्याच्या पानावर कालवण वाढण्याआधी आजी हटकून विचारी, “तुमकां सुंगटां चलतात न्ही?” हा प्रश्न विचारण्यात तिला संकोच वाटत नसे आणि ‘नाही’ म्हणण्यात पाहुण्याला कमीपणा वाटत नसे. आज इतक्या वर्षांनी तो प्रश्न मला वेगळ्याच कारणाने आठवतो आहे. ते कारण म्हणजे माझ्या धाकट्या मावसबहिणीचा चेहरा. तिचे नाव मी सांगणार नाही; बाकीचे सांगायला तिने संमती दिली आहे.

वयोमानाप्रमाणे चेहऱ्यावरचे मांस ओसरते, डोळ्यांखाली खळगे पडतात, नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत घडी पडते. त्या जागी सुईने एखादा पदार्थ भरून ती पुन्हा सपाट करण्याचा उपाय आता मोठ्या शहरांतून सर्रास मिळतो. त्या पदार्थांना ‘फिलर’ म्हणतात. हा उपाय नवा आहे अशी पुष्कळांची समजूत असते, पण त्याचा आरंभ फॉन पिर्केच्याच व्हिएन्नात, त्याच्या शब्दाच्याही आधी झाला. रॉबर्ट गेर्सुनी नावाच्या शस्त्रवैद्याने १८९९ मध्ये क्षयाने अंड गमावलेल्या एका रुग्णाला त्या जागी व्हॅसलीन टोचले. प्रयोग साधला असे वाटले आणि लवकरच पातळ केलेले पॅराफिन, म्हणजे मेणच, लोकांच्या नाकांत आणि गालांत जाऊ लागले. मेण शरीराला पचत नाही आणि शरीर ते विसरतही नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्याभोवती कठीण गाठी धरत, कातडी तांबडी होऊन फुटे, आणि मेण आपली जागा सोडून खाली उतरे. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने तरुणपणी नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून पॅराफिन टोचून घेतले. ती आपल्या काळची अतिसुंदर स्त्री मानली जाई. ते मेण हनुवटीकडे ओघळले आणि १९७७ साली ती वारली तोवर त्या खुणा तिने वागवल्या. मेणाच्या जागी पुढे पातळ सिलिकोन आले. त्यानेही कित्येकांना त्याच गाठी दिल्या.

यानंतरचा टप्पा १९८१ चा. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने गाईच्या कातड्यापासून शुद्ध केलेल्या कोलाजेनला त्या वर्षी मान्यता दिली. आपल्याकडच्या कित्येकांना हे ऐकून वेगळ्याच कारणाने शहारे येतील. पण मला त्यातले कौतुक वाटते ते निराळ्या गोष्टीचे. ते कोलाजेन चेहऱ्यात घालण्याआधी त्याचा एक थेंब हाताच्या आतल्या बाजूला टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. शंभरांत सुमारे तिघांच्या हातावर ती जागा लाल होऊन सुजे आणि त्यांना नकार मिळे. पहिल्या परीक्षेत काही न होता पुढे चेहऱ्यावर प्रतिक्रिया आलेलेही काही निघाले; म्हणून सावध डॉक्टर ही परीक्षा दोनदा घेत. चार आठवडे थांबायचे म्हणजे काय, हे आजच्या उतावळ्या काळात सांगूनही पटणार नाही. पण आजीचा प्रश्न या रीतीत शाबूत होता.

आज जो पदार्थ सर्वांत अधिक वापरला जातो त्याचे नाव हायलुरॉनिक आम्ल. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून वेगळा काढला. ‘हायलॉस’ म्हणजे काच. हा पदार्थ आपल्याही शरीरात जन्मापासून असतो आणि प्राणिमात्रांत त्याची घडण एकच असते. त्यामुळे शरीर त्याला सहसा परका मानीत नाही. चार आठवड्यांची हातावरची परीक्षा यामुळेच मागे पडली. सुरुवातीला तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, आणि पक्ष्यांपासून आलेली प्रथिने ज्यांना सोसत नाहीत त्यांना तो वर्ज्य असे. २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळालेला प्रकार जंतूंच्या किण्वनातून तयार केलेला होता, आणि आता बहुतेक तसेच असतात. मात्र शरीरातले मूळ आम्ल काही दिवसांतच विरघळते. ते महिनोन्महिने टिकावे म्हणून त्याचे धागे एका रसायनाने एकमेकांना बांधून घेतात. दुखू नये म्हणून त्यात पुष्कळदा लिग्नोकेन मिसळलेले असते. जंतूंच्या प्रथिनांचा अल्पसा अंशही राहू शकतो. तात्पर्य असे की, ओळखीचा म्हणून जो पाहुणा घरात घेतला, त्याच्या सामानात काही अनोळखी गाठोडी असतात. ज्याचे शरीर मुळातच संशयी, ते ती उघडून पाहते.

म्हणूनच या औषधांच्या वेष्टनातील कागदावर स्पष्ट छापलेले असते, की ज्यांना पूर्वी अ‍ॅलर्जीचा जिवावरचा झटका येऊन गेला आहे, किंवा ज्यांना अनेक तीव्र अ‍ॅलर्जी आहेत, त्यांनी हे घेऊ नये. लिग्नोकेन न सोसणाऱ्यांसाठी आणि विशिष्ट जंतूंच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठीही तशीच सूचना असते. धुळीने शिंका येणाऱ्या प्रत्येकाने घाबरून जावे असा याचा अर्थ नाही. अशांपैकी अनेकांना काहीही होत नाही. परंतु तो कागद डब्यात असतो, आणि डबा दवाखान्यात असतो.

माझी मावसबहीण लग्नानंतर माळव्यात गेली ती तिकडचीच झाली. यजमान गेल्यावर दोन वर्षे तिने आरशात पाहिले नसेल. मग मुलीचे लग्न ठरले आणि एक दिवस तिने पाहिले. तिला जे दिसले ते तिला आवडले नाही. यात हसण्यासारखे किंवा रागावण्यासारखे काय आहे, हे मला अजून कळलेले नाही. जरेला कंटाळलेला ययाति मुलाचे तारुण्य मागून घेतो त्याचे आपण आख्यान करतो, च्यवनऋषी पुन्हा तरुण झाले त्यांच्या नावाचा अवलेह सकाळी चाटतो. आणि साठीच्या उंबरठ्यावरील एका विधवेने डोळ्यांखालचे खळगे भरून घेतले तर मात्र भुवया उंचावतो. ‘किती टवटवीत दिसतेस’ असे म्हणणारी तोंडे आणि ‘या वयात हे काय’ असे म्हणणारी तोंडे पुष्कळदा एकच असतात. तिलाही ती तोंडे ठाऊक होती. म्हणून तिने मुलीला सांगितले नाही, सुनेला सांगितले नाही, मलाही सांगितले नाही.

दवाखान्यात तिला एक छापील तक्ता भरायला दिला होता. त्यात ‘अ‍ॅलर्जी आहे काय?’ असा एक रकाना होता. तिने ‘नाही’ लिहिले. तिच्या समजुतीने अ‍ॅलर्जी म्हणजे पेनिसिलीनची. लहानपणचा दमा हा दमा, कोळंबीने अंगावर उठणाऱ्या गांधी हे पित्त. आपल्याकडे रोगांना इतकी घरगुती नावे आहेत की एकाच कुळातले रोग एकमेकांना ओळखत नाहीत. तक्ता घेणाऱ्यानेही वर पाहून दोन शब्द विचारले नाहीत. मुलीचे लग्न झाले, छायाचित्रे सुंदर आली, आणि ती गोष्ट ती जवळजवळ विसरून गेली.

सात महिन्यांनी ती जत्रेला म्हणून माझ्याकडे म्हापशास आली. प्रवासात सर्दी-तापाने धरले, तो दोन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी ती चहाला आली तेव्हा डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढी सूज होती, आणि तिच्या डोळ्यांच्या फटीच राहिल्या होत्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने क्षणात निदान केले, “तिका सुंगटां बादलीं.” सुंगटे कोणी खाल्लीच नव्हती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खाण्यापिण्याचे विचारले, नवे साबण-तेल विचारले, गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरली आणि पुन्हा आली. आता तिथे हाताला गाठी लागत होत्या. पुन्हा गेलो. डॉक्टरांनी विचारले, “चेहऱ्याला काही लावलंय का? काही उपचार?” बरोबर तिची सून होती. ती म्हणाली, “नाही हो, साधी क्रीमसुद्धा नाही.”

त्या रात्री दिवा मालवल्यावर तिने मला हाक मारली.

“ताई, झोपलीस?”

“नाही गं. दुखतंय का?”

“दुखत नाही. मी एक सांगितलं नाही कोणाला. या इथे मी काहीतरी भरून घेतलंय. सात महिने झाले. त्याचं असेल का?”

मी दिवा लावला नाही. लावला असता तर ती पुढे बोलली नसती. कुठे घेतले, किती वेळा, काय म्हणत होते त्या औषधाला, हे सगळे तिने अंधारातच सांगितले. पैशांचा आकडा सांगताना तिचा आवाज अगदी खाली गेला.

माझी भाची त्वचारोगांची डॉक्टर आहे. तिने मावशीचा चेहरा पाहिला आणि पहिल्यांदा तिला चक्क शाबासकी दिली, सांगितले म्हणून. मग आम्हा दोघींना समजावले. टोचल्यावर मिनिटांत किंवा तासांत येणारी सूज निराळी. आठवड्यांनी, महिन्यांनी येणारी ही निराळी. इतके दिवस शरीर त्या पदार्थाशी तहाने राहिलेले असते. मग फ्लू येतो, दाताचा काही उपचार होतो, लस घेतली जाते, शरीराची फौज दुसऱ्याच शत्रूसाठी जागी होते आणि जाता जाता या जुन्या परक्याकडेही वळते. २०२० च्या डिसेंबरात मॉडर्नाची करोनाची लस अमेरिकन प्रशासनापुढे परीक्षेला आली, तेव्हा सुमारे तीस हजारांच्या चाचणीत लस घेतलेल्यांपैकी तिघांचे चेहरे किंवा ओठ सुजल्याची नोंद होती, आणि त्या तिघांनी पूर्वी फिलर घेतलेले होते. सूज औषधांनी गेली. मोठे भय नव्हते. पण कारण कळले ते त्यांनी आपला पूर्वेतिहास सांगितला म्हणून.

“आणि मावशी, टोचल्याबरोबर कातडी पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, फार दुखलं, डोळ्याला दिसेनासं झालं, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे,” भाची म्हणाली. “ते औषध रक्तवाहिनीत शिरलेलं असतं. तेव्हा एक तासही घालवायचा नाही. तुमचं तसं नाही.”

गोळ्या सुरू झाल्या. आठवडाभरात सूज निम्मी झाली, गाठी मात्र राहिल्या. मग भाचीने दुसरा उपाय काढला. हायलुरॉनिक आम्ल विरघळवणारे एक विकर आहे, हायलुरॉनिडेज. ते टोचले की भरलेला पदार्थ पाण्यासारखा होऊन निघून जातो. बहुधा बैलाच्या किंवा मेंढ्याच्या वृषणांपासून ते काढतात. मात्र ते देण्याआधी तिने एक प्रश्न विचारला, आणि मला तो प्रथम फारच अप्रस्तुत वाटला.

“मावशी, तुम्हांला कधी मधमाशी चावली होती का?”

“नाही बाई, आठवत नाही.”

तिला आठवत नव्हते हे खरे होते. ती तेव्हा पाच वर्षांची होती. मी बारा वर्षांची होते, आणि मला तो दिवस हातावरच्या तिळासारखा पाठ आहे. सत्तरीतल्या आजोळच्या घरामागे फणसाच्या ढोलीत सातेरी माशांचे पोळे होते. (वारुळातल्या देवीचे आणि या गरीब माशीचे नाव एकच कसे, हा मला तेव्हापासून पडलेला प्रश्न आहे.) आदल्या उन्हाळ्यात तिला एक माशी चावली होती, तेव्हा नुसती गाठ आली. त्या वर्षी पुन्हा एकच चावली, दंडावर. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि ती श्वासासाठी तोंड उघडू लागली. आजोबांनी दंडावर चुना लावला, मामाने तिला सायकलच्या दांडीवर घालून वाळपईपर्यंत नेले. तिथे कोणीतरी इंजेक्शन दिले म्हणून ती वाचली. घरात पुढे ‘माशी लागली होती’ एवढेच त्याचे नाव राहिले, आणि मोठी माणसे गेल्यावर तेही राहिले नाही.

मी हे सांगितले तेव्हा भाचीने हातातली लेखणी खाली ठेवली. मधमाशीच्या विषात हेच विकर असते, त्याच कुळातले. विष ऊतींत पसरावे म्हणून माशीला त्याचा उपयोग. ज्याला माशीचा डंख जिवावर बेतला, त्याला हे औषधही तसेच बेतू शकते. म्हणजे फिलर न मानवणाऱ्याला जो उतारा द्यायचा, तोच न मानवण्याचा संभव. तिने ते आपल्या खोलीत दिलेच नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात, अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून, हाताच्या आतल्या बाजूला एक लहानसा थेंब टोचला. मी घड्याळाकडे पाहत बसले होते. काही मिनिटांतच त्या जागी पांढरी गांधी उठली आणि भोवती तांबडे वलय पसरले.

विकराचा बेत तिथेच संपला. गोळ्यांचाच मंद मार्ग राहिला. पाच आठवडे ती माझ्याकडे राहिली. दर आठवड्याला गाठी थोड्या मऊ होत गेल्या. एक अगदी शेवटपर्यंत राहिली आणि मग तीही गेली. डोळ्यांखालचे खळगे परत आले. ती एकदा आरशासमोर उभी राहून म्हणाली, “आले गं माझे पाहुणे,” आणि हसली. तिचा विचार त्याहून फारसा पुढे गेला असे मला वाटत नाही, आणि पुढे न्यायची मलाही गरज वाटली नाही. केस रंगवायचे तिने सोडलेले नाही. मात्र नव्या रंगाचा ठिपका ती आता कानामागे लावून दोन दिवस थांबते.

मला राहून राहून वाटते ते त्या ‘नाही हो, साधी क्रीमसुद्धा नाही’ या वाक्याविषयी. पाहुण्याला ‘सुंगटे चालत नाहीत’ म्हणायला आमच्या घरात लाज नव्हती. कपाळावर टिकलीच्या डिंकाने पांढरा डाग पडला तर बायका तो एकमेकींना दाखवून टिकली बदलतात, कारण टिकली लावणे हे चांगल्या घरचे काम. लाज फक्त या एका सुईची. पदार्थ न मानवणे हे शरीराचे. पण ते डॉक्टरला न सांगता येणे हे आपण सर्वांनी मिळून केलेले. माझ्या बहिणीच्या बाबतीत सूज सात महिन्यांनी आली, आणि खरे कारण डॉक्टरच्या कानावर जायला आणखी आठ दिवस लागले. तेवढ्या अवधीत डोळ्यांखालीच सूज होती म्हणून निभावले. तीच घशाशी आली असती तर त्या आठ दिवसांचा हिशेब वेगळा झाला असता.

जाण्याच्या आदल्या रात्री तिने माझ्याकडून एक पोस्टकार्डाएवढा कागद मागून घेतला आणि सुनेला समोर बसवून तिच्याकडून लिहवून घेतले. तिला डोळ्यांना ताण नको होता असे ती म्हणाली. सून लिहीत गेली: मधमाशी, कोळंबी, लहानपणचा दमा, फिलरचे नाव, तारीख, कुठे कुठे घातले, हायलुरॉनिडेजची परीक्षा, तिचा दिवस, आणि भाचीची सही. फिलरच्या ओळीशी सुनेची लेखणी क्षणभर थांबली. तिने वर पाहिले, मग खाली पाहून विचारले, “आई, ‘हायलुरॉनिक’मध्ये ‘लु’ ऱ्हस्व की दीर्घ?”